कळ ते सुई

विचारवंत नरहर कुरुंदकरांचा जन्म नांदापूरचा, १५ जुलै १९३२ चा. पण त्यांच्या आडनावातले गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा, तेव्हा परभणी जिल्ह्यात, आता हिंगोलीत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, व्यासपीठावरच, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. या मृत्यूचा विषय निघाला की हळहळीच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येते: आज असते तर वाचले असते, विज्ञान आता कुठल्या कुठे गेले आहे. वाक्य चांगल्या मनाने म्हटलेले असते, म्हणून कोणी ते अडवत नाही. पण लोकांची लाडकी वाक्ये तपासायला घेणे हेच ज्या माणसाने जन्मभर केले, त्याच्याबद्दलचे हे वाक्य तरी तपासल्याशिवाय कसे सोडावे?

हृदयविकाराच्या झटक्याने माणूस उभ्याउभ्या कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा हृदयाची लय बिघडलेली असते. आकुंचन थांबते, स्नायू नुसता थरथरत राहतो, आणि काही मिनिटांत मेंदू हातचा जातो. यावर उपाय दोनच. छाती दाबत राहायचे आणि विजेचा झटका देऊन लय परत बसवायची. छाती उघडल्याशिवाय, वरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी १९६० साली दाखवले. झटका देणारे यंत्र रुग्णवाहिकेत घालून रस्त्यावर आणण्याचे काम बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ च्या सुमारास केले. आइन्थोव्हेनच्या ईसीजीला तर १९८२ मध्ये ऐंशी वर्षे होत आली होती. फुग्याने रोहिणी उघडण्याची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिचला केली होती. तेव्हा १९८२ साली ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. ते बेलफास्टच्या रस्त्यावर होते, आपल्या सभागृहांत नव्हते. आज किती सभागृहांत आहे? झटका देणारे छोटे यंत्र विमानतळावर भिंतीला टांगलेले दिसते. तालुक्याच्या नाट्यगृहात, बाजार समितीत, साखर कारखान्याच्या फाटकाशी ते शोधून पाहावे. म्हणून माझे म्हणणे असे की हृदयरोगातली प्रगती शोधाच्या तारखेने मोजण्यात अर्थ नाही. रुग्णाच्या छातीत कळ आली तिथपासून योग्य औषधाची सुई टोचली जाईपर्यंत किती मिनिटे गेली, हे तिचे माप. या मापाने पाहिले तर गेल्या चाळीस वर्षांचे चित्र बरेच वेगळे दिसते.

शोध लहान आहेत असे नाही. रक्तातल्या ट्रोपोनिनची आजची चाचणी हृदयस्नायूची इतकी बारीक इजा पकडते की छातीत दुखणाऱ्या कितीतरी लोकांना तासा-दोन तासांत निर्धास्तपणे घरी पाठवता येते. सीटी स्कॅनवर रोहिण्यांची चित्रे मिळतात. छाती न फाडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून महारोहिणीची झडप बदलणे २००२ साली अलाँ क्रिबिए यांनी फ्रान्समध्ये सुरू केले, आणि आता ते आपल्या मोठ्या शहरांत नित्याचे होत चालले आहे. सुरुवातीचे डोस झाल्यावर वर्षातून दोनदा टोचून कोलेस्टेरॉल खाली ठेवणारे इन्क्लिसिरान आले. मेंदूच्या रोहिणीतली गाठ तारेने ओढून काढता येते. ही यादी वाचून छाती फुगते, आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या तिच्यावरच चालतात. मला तिच्याबद्दल आकस नाही. आक्षेप एवढाच की या यादीत कुरुंद्याचा रुग्ण कुठे उभा आहे हे कोणी विचारत नाही.

तो कुठे उभा असतो ते पाहू. वसमतचा पट्टा हळदीचा. या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हिवाळा सरता सरता काढणी लागते, मग शिजवणी. पहाटेच कुकर पेटतो, वाफ अंगावर येते, ओल्या हळदीची पोती उचलून उचलून खांदे भरून येतात. अशा वेळी पंचेचाळिशीतल्या माणसाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे होऊ लागले, डावा हात जड झाला, दरदरून घाम फुटला, तर त्याला आणि भोवतालच्यांना काय वाटेल? घाम वाफेने आला. हात पोत्याने दुखतो. रात्रीचे जागरण, म्हणजे पित्त. सोडा घ्या, ओवा चावा, जरा टेका. यात अडाणीपणा नाही. लावलेला प्रत्येक अर्थ दहापैकी नऊ वेळा खरा ठरतो, म्हणून तर तो लावला जातो. उरलेल्या एका वेळी मात्र घड्याळ चालू झालेले असते. देशभरातल्या जवळपास २१ हजार रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंदणी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ तीत, रोहिणी पूर्ण बंद पडलेल्या रुग्णांत, ३०० मिनिटे निघाला. पाच तास. आणि हे जे पोचले त्यांचे. त्याच नोंदणीत तीस दिवसांतले मृत्यू श्रीमंतांत साडेपाच टक्के आणि गरिबांत आठ टक्क्यांवर होते. रोग तोच, उपचार मिळण्यातला फरक मृत्यूच्या आकड्यात उतरलेला.

पाच तास म्हणजे काय, हे स्नायूच्या बाजूने समजून घ्यायला हवे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि प्रवाह बंद पडतो. त्यापुढचा स्नायू एकदम मरत नाही. शेताच्या एका कडेने आग लागावी तसा तो आतल्या थराकडून बाहेर जळत जातो. गाठ विरघळवणाऱ्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून १९९६ साली हिशेब मांडला गेला: पहिल्या तासात औषध दिले तर दर हजारी ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७, तिसऱ्या तासात २६. औषध तेच, कुपी तीच. तासाभराच्या उशिराने तिची किंमत जवळपास निम्मी झाली. महागड्या यंत्राने ही घट भरून काढता येत नाही, कारण मेलेला स्नायू कोणत्याही यंत्राने परत येत नाही.

ही सुई कोणती? १९८६ मध्ये इटलीतल्या एका चाचणीने आणि १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ नावाच्या चाचणीने स्ट्रेप्टोकायनेजचा प्रश्न निकालात काढला. आयसिस-२ मध्ये १७ हजारांवर रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन ही दोन्ही औषधे मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू ८ टक्के, दोन्ही न मिळालेल्यांत १३ टक्के. अ‍ॅस्पिरिन! काही पैशांची गोळी, चावून खायची. स्ट्रेप्टोकायनेज जिवाणूपासून मिळते, स्वस्त आहे, पण ते सलाइनमधून तास-पाऊण तास हळूहळू द्यावे लागते. रक्तदाब पडतो, कोणीतरी खाटेशी थांबावे लागते. टेनेक्टेप्लेज नंतर आले. ते कित्येक पटींनी महाग, पण देण्याची रीत पाहा. कुपीतली पूड पाण्यात मिसळायची, कुपी हलकेच फिरवायची, हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. रुग्णाच्या वजनाप्रमाणे मात्रा सिरिंजमध्ये ओढायची आणि पाच-दहा सेकंदांत शिरेत सोडायची. संपले. त्याआधी ईसीजी हवा: हातापायांना चार चिमटे, छातीवर थंडगार जेली लावून सहा वाट्या, आणि गुलाबी चौकटींच्या पट्टीवर सरकणारी रेघ. झटक्यात ही रेघ एका ठिकाणी खाली न येता थडग्याच्या दगडासारखी वर उचललेली राहते. पट्टीचा फोटो मोबाइलवरून शंभर कोसांवरच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जायला मिनिट लागत नाही. माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने या क्षेत्रातला अलीकडचा सर्वांत मोठा बदल हाच: निदान यंत्रापासून सुटे झाले आणि उपचार एका सिरिंजमध्ये मावला. ज्या कामाला अतिदक्षता विभाग लागायचा ते आता तालुक्याच्या खाटेवर होऊ शकते.

यावर पहिला आणि खरोखर वजनदार आक्षेप असा की गाठ विरघळवण्यापेक्षा थेट अँजिओप्लास्टी सरस, हे सिद्ध झालेले आहे. मग खेड्यातल्या माणसाला दुय्यम उपचार का? आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. २००३ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा अल्पकाळातले मृत्यू अँजिओप्लास्टीत ७ टक्के आणि औषधात ९ टक्के निघाले. पण ही तुलना कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याची खोली, हाताशी असलेल्या ठिकाणांची. कुरुंद्याहून वसमत जवळ. पुढे नांदेड गाठायचे, तिथे खाट मिळायची, कागद व्हायचे, डॉक्टर घरून यायचे, पथक जमायचे. रात्रीचे दोन वाजले असतील तर? पावसाळा असेल तर? जुलै २०२२ मध्ये पुराचे पाणी थेट कुरुंदा गावात शिरले होते. अशा रात्री नांदेड नकाशावर जवळ असून काय उपयोग? याच पेचासाठी ‘स्ट्रीम’ ही चाचणी झाली. कळ सुरू होऊन तीन तासही न झालेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणे शक्य नसलेले रुग्ण तिने घेतले. अर्ध्यांना आधी टेनेक्टेप्लेज आणि मग बहुतेकांची निवांत अँजिओग्राफी, अर्ध्यांना थेट अँजिओप्लास्टी. २०१३ मध्ये निकाल आला: मृत्यू, पुन्हा झटका, हृदय निकामी होणे अशा सगळ्या वाईट घटना मिळून सुईच्या गटात १२.४ टक्के, थेट गटात १४.३. म्हणजे जवळपास सारखेच. मेंदूतला रक्तस्राव मात्र सुईच्या गटात जास्त होता, म्हणून पंचाहत्तरीपुढच्यांची मात्रा चाचणी चालू असतानाच निम्मी करावी लागली. आणि तिघांपैकी एकाला तातडीने कॅथलॅबमध्ये न्यावेच लागले. हे लपवून सुईची भलामण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुईने कॅथलॅबची गरज मिटत नाही. वेळ मात्र विकत घेता येतो. दुय्यम उपचार म्हणायचाच असेल तर रिकाम्या हाताने ‘नांदेडला न्या’ असे सांगून चिठ्ठी फाडून देणे, याला म्हणावे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे आणि तो क्वचितच उघड बोलला जातो. खेड्यातल्या केंद्रावरच्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने गाठ विरघळवणारी जबरी सुई द्यायची, शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव व्हायचा, आणि मग दवाखान्याबाहेर जमलेल्या गर्दीला तोंड कोणी द्यायचे? भीती खरी आहे. सुई न देता रुग्ण वाटेत गेला तर दोष रस्त्याचा. सुई देऊन गेला तर दोष डॉक्टरचा. या हिशेबात कोणताही शहाणा माणूस चिठ्ठीच फाडेल. तेव्हा उत्तर त्या डॉक्टरच्या धाडसात शोधण्यात अर्थ नाही, व्यवस्थेने जबाबदारी वाटून घेण्यात आहे. तमिळनाडूत हे करून पाहिले गेले: छोटी रुग्णालये कॅथलॅब असलेल्या मोठ्या रुग्णालयाला जोडली, ईसीजी वाचणारा तज्ज्ञ पलीकडे बसवला, रुग्णवाहिका ठरवून दिल्या. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. कर्नाटकात २९ ऑक्टोबर २०२१ रोजी नट पुनीत राजकुमार शेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. २०२३ मध्ये त्याच्याच नावाने तिथल्या सरकारने तालुका रुग्णालयांत ईसीजी आणि टेनेक्टेप्लेज मोफत देणारी योजना काढली, बंगळुरूची जयदेव संस्था तिच्या पाठीशी उभी केली. महाराष्ट्रातही ‘स्टेमी’ नावाने असा प्रकल्प काही जिल्ह्यांत सुरू झाला आहे, पण त्याचे नाव किती गावांना ठाऊक आहे? एका नटाच्या मृत्यूची हळहळ तिकडे कपाटातल्या कुपीपर्यंत गेली. आपण कुरुंदकरांच्या स्मृतीसाठी व्याख्यानमाला करतो. त्या व्हाव्यातच, फक्त सभागृहात झटका देणारे यंत्रही असावे.

पैशाचा प्रश्न येतो, आणि इथे आपली चूक अधिक ठळक दिसते. पैसा नाही असे नाही, तो चुकीच्या टोकाला अडकला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने रोहिणी उघडी ठेवणाऱ्या औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधून टाकली. त्याआधी त्याला लाखाच्या वर मोजावे लागत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, आणि योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण ‘स्प्रिंग बसवली’ हे आता गावोगावी अभिमानाने सांगितले जाते, आणि त्यातल्या बऱ्याच स्प्रिंगा झटका न आलेल्या, चालताना दम लागणाऱ्या स्थिर रुग्णांना बसलेल्या असतात. अशा रुग्णांत औषधांवर स्टेंटची भर घातल्याने मृत्यू किंवा झटके कमी होतात का, हे २००७ च्या ‘करेज’ने आणि २०२० मध्ये पाच हजारांवर रुग्णांच्या ‘इस्किमिया’ने तपासले. कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे कमी होते, आणि ज्याचे दुखणे औषधाने थांबत नाही त्याला स्टेंट जरूर द्यावा. आयुष्य वाढेल असे सांगून देऊ नये. चालू झटक्यात मात्र बंद नस उघडण्याने जीव वाचतो, यात वाद नाही. म्हणजे मिनिटांचा लाभ जिथे आहे तिथे सामान पोचत नाही, आणि जिथे घाई नाही तिथे फाइल तयार. विमा शस्त्रक्रियेचे पैसे देतो. तालुक्याच्या कपाटात मुदत संपण्याआधी बदलत राहाव्या लागणाऱ्या कुपीचे बिल कोणत्या प्रक्रियेखाली लावणार?

आणखी मागे गेले पाहिजे, कळ येण्याच्याही आधी. ‘कष्टकरी माणसाला कसला अटॅक, तो शहरातल्या बसक्या लोकांचा रोग’ हे खेड्यात अजून ऐकू येते. सलीम यूसुफ यांच्या ‘प्युअर’ अभ्यासाने सतरा देशांतले दीड लाखांवर लोक पाहिले. गरीब देशांत जोखमीचे घटक कमी असूनही हृदयविकाराच्या गंभीर घटना आणि त्यातले मृत्यू जास्त निघाले. कारणांतले मोठे कारण गोळी न मिळणे, आणि मिळालेली बंद पडणे. याच अभ्यासाच्या २०११ च्या अहवालात गरीब देशांतल्या, आधीच झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या लोकांपैकी ८० टक्के जण अ‍ॅस्पिरिन, रक्तदाबाचे औषध, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन यांपैकी एकही घेत नव्हते. भारत त्या गटात होता. त्याआधी ‘इंटरहार्ट’ने दाखवले होते की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, सरासरी ५३ च्या आसपास येतो. त्यात तंबाखू-चुना आणि विडी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे कोणाला सांगायला नको.

उपाय काय, तर कंटाळवाणे. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या खेड्यांत चार जुनी, स्वस्त औषधे एका गोळीत घालून सुमारे पाच वर्षे दिली गेली. २०१९ मध्ये निकाल आला, हृदयविकाराच्या मोठ्या घटना एक तृतीयांशाने घटलेल्या. आपल्याकडे उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग पहिल्या तुकडीत होते. पद्धत साधी: ठरलेले औषध, ठरलेला क्रम, गोळी केंद्रावर संपू न देणे, आणि जो आला नाही त्याच्या घरी जाणे. ‘बीपीची गोळी सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते’ या भीतीपोटी ती सुरूच न करणारे आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करणारे, दोघांकडे आशाताईच पोचू शकते, आणि तिला पुरेसे मानधन द्यायला आपण कुरकुरतो. इन्क्लिसिरानवर लेख लिहिणे सोपे आहे. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचा साठा संपू न देणे अवघड.

शेवटचा आक्षेप असा येईल की हे सगळे मान्य करूनही संशोधनाची आघाडी दुर्लक्षून चालणार नाही. आजची चैन उद्याची गरज होते. हे मी पूर्ण मान्य करतो. टेनेक्टेप्लेज जनुकीय तंत्रज्ञानातून आले, स्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात आले तेव्हा महाग होते. इन्क्लिसिरान स्वस्त झाले तर वर्षातून दोनदा टोचायची ही लस-वजा सुई खेड्यासाठी रोजच्या गोळीपेक्षा कितीतरी सोयीची ठरेल. तेव्हा मी तिची वाट शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञापेक्षा अधिक उत्सुकतेने पाहतो. पण स्ट्रेप्टोकायनेजचा निकाल १९८८ चा, आणि वीस वर्षांनी छापलेल्या ‘क्रिएट’मध्ये रोहिणी पूर्ण बंद पडलेल्यांपैकी ते किंवा तसले औषध मिळालेले रुग्ण ५८ टक्के, तेही पाच तासांच्या प्रवासानंतर. शोध आपोआप झिरपत नाहीत, ते ओतावे लागतात. हिंगोलीत २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे कधीतरी कॅथलॅब होईल, उद्घाटनाची फीत कापली जाईल. त्याआधीच करता येण्यासारखे एक काम मात्र फुकटात आहे. कुरुंद्याच्या आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, छातीत कळ घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर चार वेळा लिहाव्यात: कळ कधी सुरू झाली, दारात कधी आला, ईसीजी कधी निघाला, सुई कधी टोचली. महिन्याच्या अखेरीस त्या चार रकान्यांमधल्या अंतरांची सरासरी तहसील कार्यालयाच्या फळ्यावर, पर्जन्यमानाच्या आकड्याशेजारी, खडूने लिहावी. पाऊस किती मिलिमीटर पडला ते तिथे सगळे थांबून वाचतातच.